पोल्काडॉट आणि त्याचे डॉट टोकन : पारख कशी करावी?

प्रश्न : सातपूरकर
मी सातपूर एमआयडीसीत नोकरी करतो. वेगवेगळ्या ब्लॉकचेन (अनेक संगणकांवर एकत्रित राखलेल्या व्यवहारांच्या नोंदवह्या) एकमेकींशी जोडणाऱ्या पोल्काडॉटचे डॉट टोकन, म्हणजे त्या जाळ्याचे डिजिटल चलन, घ्यावे आणि स्टेकिंगला लावून (जाळ्याच्या सुरक्षेसाठी तारण म्हणून अडकवून ठेवून) दोन आकडी परतावा मिळवावा, असा माझ्या मावसभावाचा आग्रह आहे. भाव चढेल का, हे मला विचारायचे नाही. पारख कोणत्या निकषांवर करावी, एवढे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : गंगापूर रोड
आधी रचना समजून घ्या. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या ब्लॉकचेनचे सहसंस्थापक गॅव्हिन वूड यांनी आखलेले हे जाळे २०२० मध्ये सुरू झाले. त्याची मध्यवर्ती रिले चेन स्वतः स्मार्ट काँट्रॅक्ट (अटी पूर्ण होताच आपोआप अमलात येणारे करार-प्रोग्रॅम) चालवत नाही, तर तिला जोडलेल्या स्वतंत्र ब्लॉकचेनना, म्हणजे पॅराचेनना, सामाईक सुरक्षा पुरवते. काँट्रॅक्ट चालतात ते मूनबीमसारख्या पॅराचेनवर. सुरक्षा सामाईक असल्यामुळे दोन पॅराचेनमधल्या व्यवहारासाठी तिसऱ्या कुणावर विश्वास टाकावा लागत नाही, आणि ही या रचनेची खरी जमेची बाजू आहे.

मात्र इथेरियमकडे जायचे म्हटले की ब्रिज, म्हणजे दोन वेगळ्या जाळ्यांमध्ये टोकन नेणारा दुवा, आलाच. मूनबीमला इथेरियमशी जोडणाऱ्या नोमॅड ब्रिजमध्ये एका अपग्रेडच्या वेळी शून्य हे मूल्यच विश्वासार्ह म्हणून नोंदले गेले आणि सिद्ध न झालेले संदेशही खरे मानले जाऊ लागले. ऑगस्ट २०२२ मध्ये कुणी तरी हे हेरले, मग इतरांनी त्याचाच व्यवहार उतरवून घेऊन फक्त पत्ता बदलला, आणि सुमारे १९ कोटी डॉलर निघून गेले. पोल्काडॉटची सुरक्षा अभंग होती, तरीही मूनबीमवरील लोकांचे पैसे बुडाले. म्हणून ‘क्रॉस-चेन’ (एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर) हा शब्द दिसला की ब्रिज कोणाचा, त्याचे ऑडिट कोणी केले आणि अपग्रेडचा अधिकार कोणाकडे, हे आधी विचारावे.

उत्तर : नाशिक रोड
तंत्रज्ञान उत्तम म्हणून टोकनही उत्तम, असे होत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये डॉट सुमारे ५५ डॉलरवर होते आणि २०२२ संपताना पाचच्याही खाली आले. जाळ्याचे काम तेवढ्या काळात एक दिवसही थांबले नव्हते.

आपल्या मावसभावाच्या दोन आकडी परताव्याविषयी सांगायचे तर, २०२४ पर्यंत डॉटचा पुरवठा दरवर्षी सुमारे १० टक्क्यांनी वाढत असे, आणि स्टेकिंगचा मोबदला प्रामुख्याने याच नव्या टोकनांतून दिला जाई. लासलगावला आवक वाढली की भावाचे काय होते, हे आपल्याला सांगायला नको. परताव्यातून पुरवठ्याची वाढ वजा करा. उरेल तेवढाच खरा. शिवाय स्टेकिंगमधून टोकन सोडवायला मुळात २८ दिवसांची मुदत होती. सध्याची मुदत पैसे गुंतवण्याआधी तपासा, कारण भाव कोसळताना हात बांधलेले असणे परवडत नाही.

मागणीही पाहा. पूर्वी पॅराचेनच्या जागेसाठी लिलाव होत आणि त्यापायी डॉट दीर्घकाळ अडकून पडत. २०२४ मध्ये त्याऐवजी कोअरटाइमची, म्हणजे रिले चेनवरील प्रक्रियेच्या वेळेची, विक्री आली. तिचे उत्पन्न वाढते आहे की नाही, हे मी भावापेक्षा आधी पाहीन.

उत्तर : करसल्लागार, कॉलेज रोड
एक व्यवहारी बाब राहिली. १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आणि वर अधिभार-उपकर लागतो, आणि एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो तो वेगळाच. वरच्या उत्तरातील वजाबाकीत हेही धरा.