भोक न पाडताही लाल पेशी फुटते
जिवाणूंची विषं रक्तातल्या लाल पेशीला भोक पाडतात, मग पाणी आत शिरून ती फुटते, असं म्हटलं जातं. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूच्या अल्फा विषाबाबत ते अगदी बरोबर आहे. त्याचे सात रेणू एकत्र येऊन पेशीच्या आवरणात चक्क नळी बसवतात. पण सगळ्यांची तऱ्हा तीच नाही. गॅस गँग्रीन (स्नायू सडवणारा जंतुसंसर्ग) करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूचं अल्फा विष हे एन्झाइम आहे, ते आवरणातलं लेसिथिन हे स्निग्ध द्रव्यच तोडतं.

ब्लड अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या रक्त मिसळलेल्या जेलीवर, हा फरक डोळ्यांनी दिसतो, आणि तो बघण्यासारखाच असतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सच्या वसाहतीभोवती आत स्वच्छ, पारदर्शक वलय आणि त्याबाहेर दुसरं, अर्धवट फिकटलेलं रुंद वलय. आतलं त्याच्याच थीटा या दुसऱ्या विषाचं, ते भोकं पाडणारं, बाहेरचं अल्फाचं. म्हणजे एकाच जिवाणूकडे दोन्ही हत्यारं असतात.