टीव्हीवरचा पोकर: कॉमेंट्री कुठली ऐकायची, कुठली म्यूट करायची? (अनुभव धागा)

चौकटचा_गुलाम
2003 च्या पोकर वर्ल्ड सिरीजमधला मनीमेकर आणि फरहा या दोन खेळाडूंचा तो हात (म्हणजे एक डाव) आज परत समोर आला, आणि जुनी कुरकुर जागी झाली. मनीमेकरकडे इस्पिक राजा, बदाम सत्ती. फरहाकडे इस्पिक राणी, बदाम नव्वी. मग सगळ्यांची सामाईक पानं: फ्लॉपला (पहिली तीन) इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की. टर्नला (चौथं) इस्पिक अठ्ठी. सगळे याला 'शतकातला ब्लफ' म्हणतात, पण टर्नपर्यंत तो निव्वळ ब्लफ नव्हताच मुळी! पाच इस्पिकं झाली, सलग पाच पानं जुळली किंवा राजांची जोडी लागली की मनीमेकर पुढे. मोजा: 8 इस्पिकं उरलीत, इस्पिक सोडून 3 पंज्या नि 3 दश्श्या, वर 3 राजे. 44 पानांत 17 कामाची, म्हणजे 38-39 टक्के. कोरा ब्लफ झाला तो रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानाला) बदाम तिर्री पडल्यावर. एवढं सांगायला दहा सेकंद पुरतात, आणि नवख्याला नेमकं तेच हवं असतं. तुमचं काय मत? कोण शिकवतं, कोण नुसतं ओरडतं?

माजघर
कुकर लावलाय, दोन शिट्ट्यांत लिहिते. पॉट (मधे जमलेले पैसे) किती ते न सांगणारी कॉमेंट्री म्हणजे धावा न सांगता क्रिकेट. बाकी नंतर.

आकडेमोड्या
टक्क्यांचा विषय निघालाच आहे तर. नऊ जणांच्या टेबलावर कॉमेंटेटर म्हणतो 'बदाम फ्लशला नऊ आउट्स' (पाच बदाम पूर्ण करायला कामाची नऊ पानं) आणि स्क्रीनवर 17 टक्के. लोक चक्रावतात. पानांत चिप असते, टेबलाच्या कापडाखाली अँटेना, त्यामुळे टाकून दिलेली पानंही यंत्राला ठाऊक असतात. सात जण पॅक, म्हणजे 14 पानं गेली. टर्ननंतर 52 मधून खेळाडूंची 18 आणि बोर्डाची 4 वजा केली की राहिली 30. त्या 14 मध्ये 4 बदाम गेले असतील तर उरले 5. 30 त 5 म्हणजे 17 टक्के. खेळाडूला मात्र 46 पानं दिसत नाहीत, त्याच्या हिशेबाने 46 त 9, साडेएकोणीस. दोन्ही आकडे बरोबर. पण 17 वर बोट ठेवून 'कॉल चुकला' (कॉल म्हणजे समोरच्याइतके पैसे घालून टिकणं) म्हणणारा गाढव.

संध्या_पार्ले
आणि सगळीकडे टाकलेली पानं मोजतातच असं नाही. काही ठिकाणी फक्त हातात असलेल्यांची पानं धरतात. कोपऱ्यात एक ओळ लिहायला काय जातं यांचं?

जुना_भिडू
चिपा आत्ताच्या. 1999 ला ब्रिटनच्या चॅनल फोरवर 'लेट नाइट पोकर' आलं तेव्हा टेबलात काचा होत्या, खाली कॅमेरा. पानं काचेवर नीट ठेवली नाहीत की प्रेक्षकाला काही दिसायचं नाही. जेसी मे याची कॉमेंट्री तिथली. पानं दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं पेटंट हेन्री ओरेनस्टाइनचं, 1995 चं. हा गृहस्थ मूळचा खेळणीवाला, 'ट्रान्सफॉर्मर्स' अमेरिकेत आणण्यामागेही तोच.

बंड्या२
काय सांगता 😀 पोराच्या खोलीत चार पडलेत, पायात येतात रोज.

माजघर
आले. झाला भात. तर पॉट. 60 हजारांच्या पॉटवर 30 हजारांची बेट (लावलेली रक्कम) पडली की स्क्रीनवर लगेच 'पॉट 90' येतं. कॉमेंटेटर तेच वाचून म्हणतो 'पॉटच्या एक तृतीयांश बेट'. अहो, अर्धी आहे ती! बेट नेहमी तिच्या आधीच्या पॉटशी मोजायची. कॉल करणाऱ्याने 30 घालायचे, मग एकूण 120, म्हणजे 25 टक्के जिंकायची शक्यता असली की बरोबरीत सुटलो. एक तृतीयांश समजलात तर 20 टक्क्यांवरच कॉल मारून बसाल. हीच चूक सगळ्यात जास्त ऐकू येते.

आकडेमोड्या
@माजघर अगदी! शिवाय बेटचे आकडे बऱ्याच ठिकाणी कुणीतरी बसून हाताने टाइप करतं. एक शून्य राहिलं की पुढचा अख्खा हात चुकीचा. चांगला कॉमेंटेटर डीलरने पुकारलेला आकडा ऐकतो, स्क्रीनवर विसंबत नाही.

राणी_किलवरची
माझं मत गेब कॅप्लनला. 'हाय स्टेक्स पोकर' हा कार्यक्रम, 2006. मुळात स्टँडअपवाला, पण स्वतः टेबलावर बसून मुरलेला, त्यामुळे विनोद आटपून वेळेवर हातावर येतो. कमीत कमी 1 लाख डॉलर घेऊन बसायचं, ब्लाइंड 300/600, अँटी (दर हाताला प्रत्येकाने टाकायचे) 100. स्टॅक (प्रत्येकापुढचे पैसे) खोल, म्हणून तीन-तीन रस्त्यांवर खरे निर्णय बघायला मिळतात. उलट 'वर्ल्ड पोकर टूर'मध्ये शेवटचे सहा जण, ब्लाइंड चढलेले, वर कापाकापी. दिसतं काय, तर ऑल-इन (सगळे पैसे पुढे), ऑल-इन, ऑल-इन. यात तिथला कॉमेंटेटर माइक सेक्स्टनचा दोष नाही हं, तो बिचारा प्रत्येक वेळी 'का' ते सांगायचा.

काकू_ठाणे
तीन रस्ते म्हणजे?

राणी_किलवरची
फ्लॉप, टर्न, रिव्हर, काकू. इंग्रजीत स्ट्रीट म्हणतात, जिभेवर तेच बसलंय.

काकू_ठाणे
बरं. आणि ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं ना?

जुना_भिडू
ते तीनपत्तीत. इथे ब्लाइंड म्हणजे पानं वाटायच्या आधी दोघांनी सक्तीने टाकायचे पैसे. डीलरच्या डावीकडचा स्मॉल, त्याच्या पुढचा बिग. दोघंच उरले की डीलरच स्मॉल. तीनपत्तीवाले इथेच अडखळतात, आणि कॉमेंट्रीत हे कधी कुणी सांगत नाही.

बंड्या२
वर्ल्ड सिरीजचा कॉमेंटेटर नॉर्मन चॅडचे स्वतःच्या माजी बायकांवरचे विनोद कुणाला आवडतात? खरं बोला.

संध्या_पार्ले
पहिले तीन. 2003 ला 839 खेळाडू, विजेत्याला 25 लाख डॉलर आणि हा बायकांवर. पण त्याच्या शेजारी लॉन मॅकएकर्न होता म्हणून निभावलं. एकाने पानं, पॉट, स्टॅक सांगायचे आणि दुसऱ्याने टिप्पणी करायची, ही विभागणी हवीच. दोघंही तज्ज्ञ बसवले की रेंजचा (समोरच्याकडे कुठली पानं असू शकतात त्याचा) किस पाडत बसतात आणि तेवढ्यात पुढचा हात अर्धा संपतो.

चौकटचा_गुलाम
थेट प्रक्षेपणात 15 किंवा 30 मिनिटं उशीर ठेवतात, त्याबद्दल कुणी लिहा की. टेबलावरच्यांना फोनवर पानं कळू नयेत म्हणून असतो, माहीत आहे. पण काही कॉमेंटेटर निकाल ठाऊक असल्यासारखे बोलतात.

आकडेमोड्या
ओळखायची खूण: रिव्हर यायच्या आधीच 'इथे सांभाळायला हवं होतं' असं भूतकाळात बोलायला लागले की समजायचं.

नवा_पाहुणा
हे सगळं शिकून खेळायचं कुठे? ॲप्स तर बंद झाली.

जुना_भिडू
2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन डाव बंदच. गोव्यात मांडवीतल्या बोटींवर टेबलं आहेत. पण हा धागा बघण्याचा आहे बाबा, खेळण्याचा नाही.

काकू_ठाणे
एक विचारू? तुम्ही नव्वी म्हणता, आमच्याकडे नश्शी.

माजघर
आमच्याकडेही नश्शी! आणि दुर्रीला दुक्की.

बंड्या२
झालं, आता पन्नास प्रतिसाद यावरच.