मदत हवी आहे: एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) रुग्णांच्या भावंडांची एचएलए तपासणी

नमस्कार मंडळी. लातूर-नांदेडकडच्या एमएस रुग्णांच्या भावंडांसाठी पानभर मराठी माहितीपत्रक तयार करतोय. (एमएस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते तो आजार.) हा आजार होण्याचा पाश्चात्त्य देशांतला धोका घातलाय: सख्ख्या भावंडाला साधारण २ ते ४ टक्के, एकसारख्या जुळ्यांतल्या दुसऱ्याला २५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सगळं जनुकांवरच ठरत नाही, हे ठळक लिहिलंय.

अडलंय ते तपासणीपाशी. एचएलए म्हणजे प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकं. त्यांतला एचएलए-डीआरबी१*१५:०१ हा प्रकार असेल तर धोका सुमारे तिप्पट. पण पुष्कळदा रिपोर्टमध्ये नुसतं 'डीआरबी१*१५' येतं, पुढचे दोन अंक नसतात, आणि आपल्याकडे १५:०२ हा वेगळा प्रकार पण बराच आढळतो. मग त्या कागदावरून काय सांगणार? घरच्यांचा जीव मात्र उगाच टांगणीला. चार अंकी निकाल देणारी, छत्रपती संभाजीनगरातून नमुना उचलणारी लॅब कुणाला माहीत आहे का? रक्त ईडीटीए ट्यूबमध्येच हवं; हेपरिनने (रक्त साकळू न देणारं दुसरं रसायन) पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया, बिघडतो. मे महिन्यात थंड पॅक लागेलच, पण ट्यूबला थेट टेकवायचा नाही. थंडीने रक्ताचा बर्फ झाला की पेशी फुटतात.

दुसरं, २०२३ साली आजाराच्या तीव्रतेशी जोडलेला एक जनुकीय बदल सापडला. त्याच्या दोन्ही प्रती असलेल्यांना चालताना आधार साधारण ३.७ वर्षं आधी लागला. अभ्यास युरोपीय वंशाच्या रुग्णांवरचा, म्हणून पत्रकात घेऊ नये असं माझं मत. न्यूरोवाल्या डॉक्टरांना काय वाटतं?