शतशब्दकथा १३८ शब्दांवर अडकलीये, काय कापू?

सुई_दोरा
नमस्कार मंडळी. आमच्या सोलापूरच्या शाळेतल्या जुन्या मुलामुलींचा ऑनलाइन ग्रुप आहे, त्यात २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनानिमित्त शतशब्दकथांची स्पर्धा ठेवलीये. घरगुतीच आहे, बक्षीस वगैरे काही नाही, कथा नाव न लावता टाकणार, आवडली तर खाली +१ द्यायचा आणि सगळ्यात शेवटी कोणाची कुठली ते सांगणार. अट एकच, शीर्षक सोडून बरोबर १०० शब्द. ९९ पण नको आणि १०१ पण नको.

मी पहिल्यांदाच कथा लिहितेय पण विषय खूप वर्षं मनात आहे. आमच्या गल्लीत घरोघरी बायका विड्या वळायच्या. शेजारच्या एक आजी लहान असल्यापासून वळत होत्या, आणि रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा त्यांचा ठसाच जुळेना. बोटं अगदी गुळगुळीत झालेली. नाव बदलून तेच लिहिलंय. सुरुवात अशी आहे:

'सोलापूरच्या पूर्व भागात एका अरुंद गल्लीत नरसम्मा नावाची एक म्हातारी बाई राहत होती. ती खूप गरीब होती. लहानपणापासून ती विड्या वळण्याचे काम करत होती.'

आणि शेवट:

'दुकानदार म्हणाला, आजी, मशीन तुम्हाला ओळखत नाही. आयुष्यभर विड्या वळून वळून तिच्या बोटांचे ठसे झिजून गेले होते हे त्या मशीनला कसे कळणार?'

सगळी मिळून १३८ भरतेय. कुठूनही कापलं की आजीच कापल्यासारखं वाटतं मला. दुसरं म्हणजे शेवटी धक्का असायलाच हवा का? मी वाचलेल्या बहुतेक शशकमध्ये (म्हणजे शतशब्दकथांमध्ये) शेवटच्या ओळीत कोणीतरी मेलेलं निघतं नाहीतर भूत निघतं, माझ्यात तसं काहीच नाही. प्लीज सांगा, २५ च्या संध्याकाळपर्यंत पाठवायचीये.

कोरा_कागद
ताई, विषय फार मोलाचा आहे तुमचा, आधी ते सांगतो. शंभर शब्दांत माणसाचा अख्खा जन्म नाही मावत, एक प्रसंग मावतो, आणि तुमच्याकडे तो प्रसंग आहे, रेशनच्या दुकानातला. बाकी सगळं त्याला टेकून उभं राहिलं पाहिजे.

आता सुरुवात बघा. म्हातारी, गरीब, अरुंद गल्ली, हे सगळं तुम्ही सांगताय, आम्हाला काही दिसत नाहीये. मी मोजले, २४ शब्द आहेत. त्याऐवजी असं करून बघा: 'मांडीवर सूप. नरसम्माची बोटं न बघता विड्या वळत होती.' हे ९ झाले. विड्या वळणारी बाई श्रीमंत नसते हे वाचणाऱ्याला कळतं, आणि न बघता वळते म्हणजे वर्षानुवर्षं वळतेय हेही कळतं. इथेच १५ वाचले.

शेवटचं वाक्य पूर्ण काढा. तेही १५ शब्दांचं आहे. 'मशीन तुम्हाला ओळखत नाही' हे दुकानदाराचं वाक्य इतकं जबरदस्त आहे की त्याच्यानंतर लेखिकेने येऊन समजावून सांगितलं की त्यातला जीवच जातो. वर बोटं दाखवलीयेत, खाली मशीन आहे, मधला धागा वाचणारा स्वतः जोडेल आणि जोडताना त्याला जे वाटेल तीच तुमची कथा. झाले ३०, म्हणजे आता १०८ वर आलात. आजी कुठेच कापली गेली नाही उलट जास्त दिसायला लागली.

रेघोटी
उरलेले ८ भाषेतूनच निघतील बघा. मी प्रूफं तपासते त्यामुळे शब्दमोजणी हा माझा रोजचा विषय आहे.

निवेदन बोलीत आणा. 'करत आहे' दोन शब्द, 'करतेय' एक. 'आली आहे' दोन, 'आलीये' एक. 'पाहिले आहे' दोन, 'पाहिलंय' एक. असं पूर्ण कथेत केलं तर चारपाच तरी सहज सुटतील, शिवाय गल्लीतल्या आजीची गोष्ट बोलीतच शोभते. पण एक करा, निवेदन एकतर पूर्ण बोलीत नाहीतर पूर्ण प्रमाण, मधेच 'झाले' आणि मधेच 'झालं' नको, एवढ्या छोट्या कथेत ते लगेच टोचतं.

मग शब्दयोगी अव्ययं. 'घरा समोर', 'दुकाना पर्यंत', 'तिच्या साठी' असं तोडून लिहिलं असेल तर ते चूक तर आहेच आणि उगाच एकेक शब्द वाढतो. घरासमोर, दुकानापर्यंत, तिच्यासाठी हे एकेकच शब्द आहेत. ही सोय आपल्याला भाषेनेच दिलीये, इंग्रजीत इन फ्रंट ऑफ द हाऊस म्हटलं की पाच शब्द खर्च होतात. पण उलटी लबाडी करू नका, म्हणजे वेगळे शब्द ओढून चिकटवू नका, 'विड्यावळत' असलं काही लिहिलं की वाचणारा तिथेच अडखळतो.

आणि वर्डमध्ये मोजत असाल तर दोन्ही बाजूंना जागा सोडून टाकलेला डॅश तिथे एक शब्द म्हणून मोजला जातो. संवादाआधी डॅश टाकले असतील तर तुमचे १३८ कदाचित मुळात १३८ नसतीलच. शेवटचा आकडा बोट ठेवून हाताने मोजा आणि आयोजकांनाही एकदा विचारून ठेवा की जोडशब्द कसे धरणार.

थेम्सकाठची_मीरा
धक्क्याबद्दल मला थोडं वेगळं म्हणायचंय. बरोबर १०० शब्दांचा हा खेळ ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात विज्ञानकथांच्या चाहत्यांमध्ये सुरू झाला, बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या विज्ञानकथाप्रेमींच्या मंडळाचं नाव त्यात घेतलं जातं. ड्रॅबल म्हणतात त्याला. विज्ञानकथेत शेवटच्या ओळीत जगच उलटं करायची मजा असते. आपल्याकडे शशक मला वाटतं तीच सवय घेऊन आली आणि भयकथांनी ती आणखी पक्की केली.

पण म्हणून धक्का टाकाऊ नाही हो. कोरा_कागद म्हणतात तसं शेवटचं वाक्य काढलं तर 'मशीन तुम्हाला ओळखत नाही' हाही धक्काच आहे, फक्त तो खोटं सांगून दिलेला नाही. वाईट धक्का कुठला, तर ज्याच्यासाठी लेखकाने वाचकापासून मुद्दाम काहीतरी लपवलेलं असतं. दुसऱ्यांदा वाचली की तशा कथेत काही उरत नाही. तुमची दुसऱ्यांदा वाचल्यावर पहिल्या ओळीतल्या बोटांकडे वेगळ्या नजरेने बघायला लावेल. मला तर पहिल्या ओळीतून 'विड्या' हा शब्दही नंतर यावा असं वाटतंय, आधी नुसती चालणारी बोटं.

कोरा_कागद
मीराताई, विड्या लपवायला माझा विरोध आहे. लपवलं की ते कोडं होतं. सोलापूरच्या ग्रुपात सूप मांडीवर म्हटल्यावर तसंही सगळ्यांना कळणार.

विजापूर_वेस
मी सोलापूरचाच, आईनं पण विड्या वळूनच आम्हाला शिकवलं. वाचून लई भरून आलं बघा. पानं भिजवायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा, आणि मजुरी हजार विड्यांमागे. हे सगळं लिहू नका, मावणार नाही, पण त्यातली एक गोष्ट घ्या, दोरा घ्या किंवा कात्री घ्या.

मला सांगायचंय ते दुकानाचं. दुकानदार एका झटक्यात मशीन ओळखत नाही असं म्हणत नाही. आईबरोबर मी गेलोय ना. आधी अंगठा लावतात, नाही आलं की म्हणतात पुसून लावा, मग पदराला पुसायचं, परत लावायचं, मग दुसरं बोट, मग तिसरं, मग दुसरा हात. मागे रांग असते, लोक चुळबुळ करायला लागतात आणि आईला उगाच आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायचं. तुमची कथा तिथे आहे ताई. एकेक बोट लावत न्या.

थेम्सकाठची_मीरा
दादा, हे वाचल्यावर माझं विड्या लपवायचं म्हणणं मागे राहू द्या. एकेक बोट, हेच करा.

सुई_दोरा
काय बोलू, डोळ्यात पाणी आलं. दादा, आजीसुद्धा पदराला बोट पुसायच्या, मी ते बघितलेलं होतं आणि लिहिताना सुचलंच नाही, मी आपली गरीब होती गरीब होती तेच लिहीत बसले.

पूर्ण नव्याने लिहिली. सूप आणि दोरा पहिल्या ओळीत, मग थेट दुकान, मग बोटं. उजवा अंगठा, पदर, परत अंगठा, मग तर्जनी, मागून कोणीतरी 'आजी आटपा की' म्हणतं, मग डावा हात. दुकानदार चांगला माणूस ठेवलाय, तो तिचं बोट स्वतः धरून दाबतो. शेवटी तो तेच म्हणतो, मशीन तुम्हाला ओळखत नाही आजी, आणि ती म्हणते, 'तू तर ओळखतोस की रे.' तिथे संपवलीये. डॅश काढून हाताने मोजले, १०३ आहेत. शीर्षक 'ठसा' ठेवलंय.

कोरा_कागद
'तू तर ओळखतोस की रे'!! ताई हे आमच्यातल्या कोणालाच सुचलं नसतं. याला हात लावू नका. आणि दुकानदार चांगला ठेवलात ते फार बरं केलंत, तो खडूस असता तर सगळा राग त्याच्यावर निघाला असता आणि मशीन सुटलं असतं.

शीर्षक मात्र बदला. 'ठसा' म्हटलं की दुकानात काय होणार ते आधीच कळतं. 'दहा बोटं' कसं वाटतं?

रेघोटी
दहा बोटं छान आहे. १०३ मधले तीन असे काढा, 'उजवा अंगठा' मधला 'उजवा' नको, पुढे डावा हात येतोच आहे. 'मागून कोणीतरी' मधला 'कोणीतरी' काढून 'मागून आवाज' केलंत तर शब्द तेवढेच राहतील त्यामुळे तिथे नुसतं 'मागून' ठेवा आणि संवाद चालू करा, म्हणजे 'म्हणतं' पण जाईल. झाले तीन.

विजापूर_वेस
टाकल्यावर इथे पण टाका ताई. निकाल लागेपर्यंत थांबा पण, नाव फुटायला नको. आईला वाचून दाखवायचीये.