आयसोनायझिडपेक्षा माझ्या रेणूचा डॉकिंग स्कोअर चांगला, तुलना रिपोर्टात टाकू का?

फोंडा_बायोटेक
एमएस्सीच्या प्रोजेक्टला क्षयाच्या जंतूचं इनएचए एन्झाइम घेतलंय. ऑटोडॉक व्हिनात (रेणू प्रथिनात किती घट्ट बसेल याचा अंदाज देणारा, म्हणजे डॉकिंगचा प्रोग्राम) आयसोनायझिड या टीबीच्या औषधाला −५.२ आले, माझ्या एका रेणूला −९.१ (जितका जास्त उणे तितका चांगला). व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे पाणी आणि आधीचे सगळे लिगँड (एन्झाइममध्ये बसलेले छोटे रेणू) काढून टाकले होते. काकांच्या टीबीला आयसोनायझिड लागू पडलं नव्हतं, म्हणून विषय जिव्हाळ्याचा आहे. सोमवारी सरांना रिपोर्ट दाखवायचाय.

ताळगाव_पठार
नको टाकूस. आयसोनायझिड जसंच्या तसं इनएचएवर काम करत नाही. जंतूतलंच कॅटजी हे एन्झाइम आधी त्याला सक्रिय करतं, मग ते एनएडी या पेशीतल्या सहायक रेणूशी जोडलं जातं आणि ती जोडी इनएचएत जाऊन बसते. मायकोलिक आम्ल बनणं थांबतं, जंतूची भिंत ढासळते. नुसतं आयसोनायझिड डॉक केलंस तर स्कोअर कमीच येणार; १९५२ पासून माणसं वाचवणारं औषध आहे ते!

काकांच्या जंतूत नक्की काय झालं ते तपासणीशिवाय सांगता येणार नाही, पण बऱ्याचदा कॅटजीतलं ३१५ क्रमांकाचं सेरिन हे अमिनो आम्ल बदललेलं असतं आणि गोळी सक्रियच होत नाही. म्हणून कॅटजीची गरज नसलेला, थेट इनएचएला अडवणारा रेणू हवाय. विषय अजिबात सोडू नकोस.

आता मुख्य गोष्ट. लिगँड काढताना एनएडीही गेलं ना? मग पॉकेटचा, म्हणजे रेणू बसतो त्या खाचेचा, तळच गेला. त्या मोकळ्या जागेत तुझा रेणू आत घुसतो आणि स्कोअर फुगतो. पीडीबी या प्रथिनांच्या रचनांच्या ऑनलाइन संग्रहातून इनएचएची १पी४५ ही रचना घे, त्यात एनएडी आणि ट्रायक्लोसान (इनएचएला थेट अडवणारा रेणू) दोन्ही आहेत. एनएडी ठेव, फक्त ट्रायक्लोसान काढून परत डॉक कर. ते मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत बसलं आणि इनएचएच्या टायरोसिन १५८शी हायड्रोजन बंध दिसला, तरच स्वतःचे रेणू चालव.

म्हापसा_फार्मा
ट्रायक्लोसानला कॅटजी लागत नाही, तरी ते टीबीचं औषध झालं नाही. शरीर त्याला ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून झटपट बाहेर टाकतं. शिवाय या जंतूची मेणचट भिंत ओलांडणं भल्याभल्या रेणूंना जमत नाही. स्कोअरच्या शेजारी रेणूची विद्राव्यता तरी लिहा.

फोंडा_बायोटेक
हो, एनएडी गेलं होतं. आज रात्री १पी४५वर परत चालवते. पुढे भिंतीचं कसं तपासायचं? आमच्याकडे बीएसएल-३ (टीबीसारख्या धोकादायक जंतूंसाठीची बंदिस्त लॅब) नाही.

ताळगाव_पठार
सुरुवातीला स्मेग्मॅटिस या टीबीच्या जंतूच्या सौम्य भाऊबंदावर एमआयसी (वाढ रोखणारं किमान प्रमाण) काढ, साध्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये होतं. तिथे काही दिसलं तर एच३७आरव्ही या टीबीच्या जंतूच्या प्रमाण वाणासाठी बाहेरची लॅब शोधू.