तुमच्या प्लॉटवर आधी कोणाचं वावर होतं? नागपूरच्या बेसा परिसरातले अनुभव

मागच्या श्रावणात कुंपणाशी गोडनिंब लावायला खड्डा खणत होते. हातभर खाली सब्बल ठण्णकन वाजली. दगड असेल म्हणून काढलं, तर गंजलेली लोखंडी पट्टी निघाली, दोन्ही टोकांना वाकलेली. शेजारच्या जुन्या वस्तीतल्या आजी आमच्याकडे फुलं न्यायला येतात. त्यांनी ती पट्टी हातात घेतली, पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "हे वखराची पास व्हय बाई. तुमच्या सैपाकखोलीखाली आमचा धुरा होता. अन् पोरं झोपतेत नं, तिथं तूर." धुरा म्हणजे शेताचा बांध.

पंधरा वर्षं मी या घरात राहते आहे आणि मला हे ठाऊक नव्हतं. तेव्हापासून डोक्यात आहे की बेसा, घोगली, बेलतरोडी, पिपळा इथल्या लोकांनी एकदा एकमेकांना सांगावं. ज्यांचं वावर होतं त्यांनी लिहा, ज्यांचा आता प्लॉट आहे त्यांनीही लिहा. नावं देऊ नका, जागा सांगा.

गावातलाच, वय ६३

आमचं सहा एकर होतं, काळी जमीन. दोन एकरात कपाशी, बाकीत तूर अन् ज्वारी, आणि विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात भाजी. वांगी, पालक, सांबार (कोथिंबीर). पहाटे तीनला बाबा बंडी जुंपायचे. मानेवाड्याच्या रस्त्यानं कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात पोहोचायचं, दलालासमोर पोतं रिकामं करायचं, लिलाव झाला की तिथंच चहा-तर्रीपोहे. ऊन चढेपर्यंत परत. मी सांबाराच्या जुड्यांवर झोपून जायचो, अजून तो वास आला की बंडीचे हिसके आठवतात.

९० च्या दशकात लेआऊटवाले, म्हणजे वावरांचे प्लॉट पाडणारे, यायला लागले. आधी धुऱ्यापलीकडचं वावर विकलं गेलं. मग आमच्या वावरात बंडी न्यायची पांदणच बंद झाली, कारण तिच्यावर खुंट्या ठोकल्या होत्या. लोक म्हणतात शेतकऱ्यांनी पैशासाठी जमिनी विकल्या. पैसा लागत होता, ते खरं आहे, बहिणीचं लग्न होतं. पण रस्ता नसलेल्या वावरात पऱ्हाटी वेचून डोक्यावर किती आणणार? शेवटी बाबांनी सह्या केल्या. विहीर मात्र त्यांनी बुजवू दिली नव्हती. ते गेल्यावर दुसऱ्या वर्षी मलबा टाकून बुजवली. मी गावातच होतो आणि अडवलं नाही. ते अजून लागतं.

मनीषनगर ओलांडून रोज नोकरीला जाणारी

माझा अनुभव फाटकाचा. २०२० च्या आधी बेसा रोडवरून वर्धा रोडला जायचं म्हणजे मनीषनगरचं रेल्वे फाटक. दिल्ली-चेन्नई, मुंबई-हावडा अशा दोन्हीकडच्या गाड्या नागपुरातून जातात. वर्ध्याकडची सगळी वाहतूक याच रुळांवरून. एक गाडी गेली की दुसरीचा हॉर्न. मी स्कूटी बंद करून डब्यातली पोळी तिथंच खायची. माझ्या सासऱ्यांना छातीत दुखलं त्या रात्री आम्ही फाटकावर होतो. ते वाचले. पण ती मालगाडी संपता संपत नव्हती, डबे मोजत होते मी, काय करणार.

नोव्हेंबर २०२० मध्ये वर्धा रोडचा डबल डेकर पूल आणि मनीषनगरचा उड्डाणपूल एकाच दिवशी सुरू झाले. त्या दिवशी मी मुद्दाम सासऱ्यांना मागे बसवून पुलावरून नेलं.

साईटवर तीस वर्षं काढलेला

वावरावर घर बांधणाऱ्यांनी हे वाचाच. इथली माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात रिकाम्या प्लॉटवर जाऊन बघा, भेगेत अख्खा हात जातो. अशा मातीवर दोन-तीन फुटांचा पाया घातला की चौथ्या-पाचव्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. लोक पुट्टी भरतात, रंग मारतात, पावसाळ्यानंतर ती पुन्हा उघडते.

मुरूम लागेपर्यंत खोदा. मुरूम फारच खोल असेल तर खाली फुगीर बुंध्याच्या पाईल (जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब) घ्या, साडेतीन-चार मीटर. खड्डा भरताना तीच काळी माती परत टाकू नका, मुरूम टाका. घराभोवती तीन-चार फुटांचा फरशीचा पट्टा करा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही. आणि पिंपळ-वड भिंतीपासून लांब ठेवा, उन्हाळ्यात ते मुळांनी पायाखालचं पाणी ओढतात आणि माती एका बाजूनं बसते.

अजून एक. प्लॉट घ्यायचा तर तो पावसात बघा. पोहरा नदी आणि तिला मिळणारे नाले नकाशात बारीक रेघ दिसतात, पण पाणी आपली जुनी वाट सोडत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो बोटानं दाखवेल.

आरएलसाठी (प्लॉट नियमित झाल्याच्या पत्रासाठी) नऊ वर्षं फिरलेला

थोडक्यात सांगतो. विकणाऱ्यानं "सगळं क्लिअर आहे" म्हणून सांगितलं होतं. निघालं फक्त शेतीच्या सातबाऱ्यावरचं तुकड्याचं विक्रीपत्र. गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेले प्लॉट नियमित करायचा, कायदा २००१ चा, त्यात १ जानेवारी २००१ च्या आधीचे प्लॉट बसायचे, माझा नंतरचा. २०२१ च्या दुरुस्तीनं मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली तेव्हा कुठे अर्ज करता आला. तोपर्यंत बँकेनं दोनदा कर्ज नाकारलं आणि बायकोचं सोनं गहाण पडलं. भावांनो, एनए (बिगरशेती परवानगी) आणि मंजूर नकाशाची प्रत स्वतः हातात घेतल्याशिवाय इसार देऊ नका.

लेआऊटमध्येच जन्मलेला, वय २४

मला वावर आठवत नाही. मला तान्हा पोळा आठवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतले सगळे पोट्टे लाकडी बैल घेऊन जुन्या गावाकडे जायचो. माझा बैल आबाजींनी केलेला, सागाचा, एक शिंग तुटलेलं. शिंगाला बेगड, गळ्यात झिरमिळ्या. गावातल्या बाया बैलाचे पाय धुवायच्या, कुंकू लावायच्या आणि आम्हाला बोजारा (खाऊ-पैसे) द्यायच्या. आमच्या लेआऊटमध्ये लोक दार उघडून दहाची नोट द्यायचे, गावात मात्र लाकडी बैलाला खऱ्यासारखं ओवाळायचे. मोठं झाल्यावर कळलं, त्यांच्या गोठ्यातली जोडी गेली होती.

पोर्च खचणारी

मानेवाडा–बेसा रोडच्या आत, जुन्या कडुलिंबापासून तिसरी गल्ली. तीन पावसाळे झाले, पोर्चच्या मधोमध फरशी गोल बसते. मिस्त्रीनं दोनदा उकरून परत बसवली. खाली विटांचे तुकडे आणि जुन्या चपलांसारखं काहीतरी निघतं. कोणाला काही माहीत आहे का? पुढच्या आठवड्यात काँक्रीट टाकायचं ठरलंय.

गावातलाच, वय ६३

ताई, काँक्रीट थांबवा. कडुलिंबाच्या बुंध्याकडे पाठ करून उगवतीकडे चालत या. साठ-सत्तर पावलांवर तुमचं पोर्च येत असेल तर ती आमची विहीर आहे. वरचा घेर बारा फूट, खाली दगडी बांधणी, मोटेच्या बाजूला दोन थोराड दगड होते. ते मलब्यात सापडतील. पाणी चाळीस फुटांवर, एप्रिलमध्येही आटत नव्हतं. नुसतं वरून काँक्रीट टाकलं तर भराव खालून बसत राहील. वर लिहिणाऱ्या साईटवाल्या भाऊंना सोबत घ्या. मी रविवारी सकाळी येतो. माझ्या आईलाही आणतो, तिला थाळं नेमकं कुठं होतं ते सांगता येईल, ती तिथं रोज तीन गुंड पाणी भरायची.