कार्यकारी मंडळाच्या बैठकीत अबोल सदस्यांचे मत कसे मिळवावे? मदत हवी आहे

नमस्कार. एका लहान सेवाभावी संस्थेच्या कार्यकारी मंडळाची अध्यक्ष म्हणून मी वर्षभर काम पाहते आहे. मंडळात आम्ही अकरा जण आहोत. बोलणारे बहुधा तेच चौघे असतात, आणि तिघे तर "मंजूर" याखेरीज क्वचितच काही बोलतात.

दोन बैठकांपूर्वी टेबलावरचे कागद गोळा करताना या तिघांपैकी एका बाईंच्या अंदाजपत्रकाच्या प्रतीवर दुरुस्तीखर्चाच्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केलेला दिसला आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिले होते, "हा खर्च दोनदा धरला आहे का?" तो खरोखरच दोनदा धरला होता, आणि अर्ध्या तासापूर्वीच आम्ही ते अंदाजपत्रक एकमताने मंजूर केले होते. "कोणाला काही म्हणायचे आहे का?" असे मी विचारले होते खरे, पण क्षणभरही न थांबता पुढचा विषय घेतला होता. पुढच्या बैठकीत मी त्यांना नाव घेऊन विचारले, तेव्हा त्या इतक्या अवघडल्या की "माझे वेगळे काही नाही" एवढेच म्हणाल्या. सर्वांसमोर असे अचानक विचारणे ही माझीच चूक झाली.

हेन्री रॉबर्ट यांच्या १८७६ च्या सभानियमांनुसार, बोलू इच्छिणाऱ्या सर्वांचे एकदा बोलून झाल्याशिवाय कोणालाही त्याच प्रस्तावावर दुसऱ्यांदा बोलता येत नाही. नियम न्याय्य आहे, पण जो हातच वर करत नाही, त्याला त्याचा उपयोग नाही. त्यापेक्षा डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन या अभ्यासकांची गटचर्चेची पद्धत मला जवळची वाटते: प्रत्येकाने आधी शांतपणे आपले मुद्दे लिहायचे, मग क्रमाने एकेक मुद्दा मांडायचा आणि सगळे मुद्दे फळ्यावर आल्यावरच चर्चेला तोंड फोडायचे. मात्र दीड तासात दहा विषय उरकायचे असताना ती प्रत्येक विषयाला लावता येणार नाही. ती कोणत्या विषयांसाठी राखून ठेवावी?

सर्वाधिक काम करणारेही तेच चौघे आहेत, त्यामुळे त्यांना न दुखावता आवरते घ्यायला कसे सांगावे, हेही मला सुचत नाही.

विषयपत्रिकेसोबतच लेखी शंका मागवाव्यात, असा माझा विचार आहे. त्या बैठकीत नावासह वाचाव्यात की नावाविना? नावाविना वाचल्या, तर शंकेचे निरसन होईल, पण त्या बाईंचे म्हणणे त्यांच्या तोंडून मंडळाला कधीच ऐकायला मिळणार नाही, अशी धास्ती वाटते. विषयपत्रिका येत्या आठवड्यात पाठवायची आहे. ज्यांनी स्वतः मंडळ चालवले आहे किंवा जे स्वतः बैठकीत गप्प बसत आले आहेत, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.